दुसरी गाडी घेण्याआधी

सोलापूर महापालिकेच्या हद्दीचं क्षेत्रफळ सुमारे 178 चौरस किलोमीटर आहे. तेवढ्या क्षेत्रफळाचं वर्तुळ काढलं तर मध्यापासून काठापर्यंतचं अंतर साडेसात किलोमीटर भरतं. शहर काही वर्तुळासारखं वसलेलं नाही, आणि हद्दीच्या कडेला अजून शेतंच आहेत. पण सिद्धेश्वराचं देऊळ मध्ये धरून कुठल्याही पेठेतून किंवा नगरातून निघा, बहुतेकांचं कामाचं ठिकाण सायकलीवर अर्ध्या तासाच्या आसपास येतं. वाटेत घाट नाही, दम काढणारा चढ नाही. जिल्हा पर्जन्यछायेतला, त्यामुळं भिजत कामावर जायचे दिवसही थोडेच. तरीही घरात कुणाला नोकरी लागली की पहिला पगार हातात यायच्या आधी बोलणं सुरू होतं ते गाडीच्या हप्त्याचं.

सोलापुरात गाडी म्हणजे दुचाकी, हे वेगळं सांगायला नको. या लेखात मला फक्त घरातल्या दुसऱ्या गाडीबद्दल बोलायचं आहे. पहिली गाडी घरात हवीच. सासऱ्यांना रात्री छातीत कळ आली तर सायकलीचा काय उपयोग? लग्नकार्याला बाहेरगावी जायचं, गॅसची टाकी आणायची, आजारी पोराला दवाखान्यात न्यायचं, यासाठी दारात एक गाडी असावी. प्रश्न त्यानंतरचा आहे. एकत्र राहणाऱ्या, चार-पाच मोठी माणसं असलेल्या घरात दुसरी आणि तिसरी गाडी का येते? ती हौसेनं येते असं मला वाटत नाही. शहरानं रस्ता आणि बस या दोन्ही बाबतींत आपलं काम केलेलं नाही आणि त्याची किंमत प्रत्येक घर महिन्याच्या महिन्याला भरतं आहे. ही वसुली कुणी कर म्हणून लावलेली नाही, म्हणून तिची चर्चा सर्वसाधारण सभेत होत नाही.

किंमत किती ते पाहू. मी अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत एका गारमेंट युनिटमध्ये हिशेब बघते. शाळेचे गणवेश शिवणारं युनिट. सोलापूरचे गणवेश आता देशभर जातात. माझ्या आसपास दहा-बारा हजारांवर काम करणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. त्यांतली एखादी जेव्हा स्कूटी घ्यायचं ठरवते, तेव्हा हप्ता अडीच-तीन हजारांचा बसतो, तीन वर्षांसाठी. जाऊन-येऊन बारा किलोमीटर धरले तर महिन्याला सात लिटरच्या आसपास पेट्रोल लागतं. लिटरचा भाव शंभराच्या पुढं गेल्याला आता काही वर्षं झाली, म्हणजे सात-आठशे रुपये तिथं. विमा, सर्व्हिसिंग, टायर हे महिन्यावर वाटून धरलं तर आकडा चार हजारांच्या जवळ जातो. पगाराचा तिसरा हिस्सा पगार मिळवायला जाण्यातच संपतो. ही बेरीज मी रोज दुसऱ्यांच्या कागदावर करते, म्हणून मला ती दिसते. घरात ती अशी एका ओळीत कधी मांडली जात नाही. हप्ता एका खात्यातून जातो, पेट्रोल खिशातून, विमा दिवाळीच्या बोनसमधून.

आणि ज्या घरात दुसरी गाडी येत नाही, तिथं काय होतं? तिथं बायका थांबतात.

हा भाग मला जरा सविस्तर सांगायचा आहे, कारण वाहतुकीच्या कुठल्याही आराखड्यात तो येत नाही. एकत्र कुटुंबात एक गाडी असते तेव्हा ती कुणाची, हे न बोलता ठरलेलं असतं. ती नवऱ्याची किंवा दिराची. बाईला 'सोडायचं' असतं आणि 'आणायचं' असतं. सकाळी तिचं आवरलं तरी त्याची आंघोळ व्हायची असते. संध्याकाळी तिची सुट्टी साडेसहाला झाली आणि त्याला यायला सव्वासात वाजले, की ती पाऊण तास गेटवर उभी. मध्ये भाजी घ्यायची असेल, मैत्रिणीकडं डोकवायचं असेल, शिलाईचं साहित्य बघायला नव्या पेठेत जायचं असेल, तर ते त्याच्या सवडीनं. शेअर रिक्षा भरल्याशिवाय निघत नाही आणि आतल्या नगरांत शिरत नाही. महापालिकेची बससेवा गेल्या दशकात आक्रसत गेली, तिच्या वेळेवर घड्याळ लावून नोकरी करणं शक्य राहिलं नाही. यात त्या नवऱ्याचाही तास जातो. दोन्हीकडून वाया जाणारा हा वेळ कुणाच्याच हिशेबात धरलेला नाही.

मी सायकलीवर जायला लागले ते या थांबण्याला कंटाळून. पैसे वाचले हे नंतरचं. आमच्या घरी सासू-सासरे, धाकटा दीर, आम्ही दोघं आणि मुलगी. पाणी चार-पाच दिवसांआड येतं आणि कधी पहाटे, कधी ऐन कामावर जायच्या वेळी. पाण्याच्या दिवशी घरातल्या प्रत्येकाचं निघायचं वेळापत्रक मोडतं. अशा दिवशी एका गाडीवर तिघांनी विसंबून राहायचं म्हणजे तिघांनाही उशीर. माझी सायकल आल्यापासून निदान माझी वेळ माझ्या हातात आहे. नळ बंद झाला, हंडे झाकले, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधली की मी निघते. कुणाला हाक मारावी लागत नाही.

घरच्यांचा विरोध झाला का? झाला, आणि तो मला चुकीचा वाटला नाही. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या ट्रकांतनं कशाला जातीस गं? सोडतो की तो गाडीवर." सासऱ्यांनी मात्र सायकल उचलून बघितली, ब्रेकचे रबर तपासले, मागच्या चाकाचा एक आरा ढिला होता तो आवळून आणायला सांगितलं. ते गिरणीत होते, सायकलीवरच आयुष्य गेलेलं.

ज्यांना सायकल ही परदेशी चूष वाटते त्यांनी या शहराचा इतिहास आठवावा. 1877 साली सोलापुरात पहिली मोठी कापड गिरणी उभी राहिली, जिला आपण अजून जुनी मिल म्हणतो. पुढं नरसिंग गिरजी आली, लक्ष्मी आली, विष्णू आली. भोंग्यावर चालणारं हे शहर पायी आणि सायकलीवर चालत होतं. पाळी सुटली की रस्त्यावर सायकलींचाच लोंढा असे, असं त्या पिढीतली सगळी माणसं सांगतात. पेठेत घर, पेठेलगत गिरणी, दोन-तीन किलोमीटरांचा मामला. यंत्रमाग आले तेही घरांच्या शेजारीच. मग गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि 1992 च्या हद्दवाढीनं शहर 33 चौरस किलोमीटरांवरून एकदम पाचपट झालं. जुळे सोलापूर वाढलं, विजापूर रस्ता आणि होटगी रस्ता वाढले, एमआयडीसी फुगत गेली. घर आणि काम यांच्यातलं अंतर दोनाचं सहा झालं. सहा किलोमीटर हे सायकलीच्या आवाक्याबाहेरचं अंतर नाही. आवाक्याबाहेर गेला तो रस्ता.

शहराबाहेरच्या कुंभारी गावाचं उदाहरण घ्या. विडी कामगार महिलांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावानं दहा हजार घरांची वसाहत 2006 मध्ये तिथं उभी राहिली. माजी आमदार, कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांनी लढून आणलेली ती योजना देशात गाजली. त्यानंतर तिथंच रे नगरची 30 हजार घरांची योजना आली आणि 19 जानेवारी 2024 ला पंधरा हजार घरांच्या चाव्या पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या गेल्या. झोपडपट्टीत आयुष्य काढलेल्या बाईच्या नावावर पक्कं घर होणं ही फार मोठी गोष्ट आहे आणि तिचं मोल मी कमी करणार नाही. पण शहरापासून दहा-बारा किलोमीटरांवर हजारो कष्टकरी कुटुंबं एकाच वेळी राहायला जाणार हे वर्षानुवर्षं माहीत होतं. त्या घरांतून यंत्रमागावर, गारमेंटात, धुण्या-भांड्याच्या कामाला माणसं रोज अक्कलकोट रस्त्यानंच ये-जा करणार हेही माहीत होतं. घराबरोबर तो रस्ता बांधायला हवा होता. जिथं घर मिळालं म्हणून गाडीचा हप्ता सुरू झाला, तिथं घराच्या मदतीचा एक तुकडा आपण परत काढून घेतला.

आता भीतीबद्दल. सायकलीचा विषय निघाला की घरातली वडीलधारी माणसं जे बोलतात ते एका वाक्यात मावतं: जीव महत्त्वाचा. हे म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. 2022 या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. ही केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची आकडेवारी आहे. त्यांतली 32 हजारांहून अधिक माणसं पायी चालणारी होती. आणि सगळ्यांत मोठा वाटा, जवळजवळ 45 टक्के, दुचाकीवरच्या माणसांचा. दुचाक्या रस्त्यावर संख्येनंच जास्त, म्हणून हा वाटाही मोठा, हे मी धरून चालते. तरीही घरातल्या निर्णयासाठी यातून एक गोष्ट निघतेच. सायकल धोक्याची म्हणून आपण मुलाला किंवा सुनेला स्कूटर घेऊन देतो तेव्हा ते माणूस सुरक्षित होत नाही. ते त्याच ट्रकच्या बाजूनं, त्याच खड्ड्यातून, फक्त दुप्पट-तिप्पट वेगानं जातं. आईच्या जिवाची घालमेल तेवढीच राहते. "पोचलीस का?" हा फोन स्कूटरवाल्या पोरीलाही येतोच.

म्हणून मला असं वाटतं, की सायकलीसाठी रस्ता मागणं म्हणजे सायकलवाल्यांसाठी काही वेगळं मागणं नाही. ज्या रस्त्यावर चौदा वर्षांची पोरगी सायकलीवर निर्धास्त जाऊ शकते, त्या रस्त्यावर स्कूटरवालाही जगतो आणि हातगाडी ढकलणारा म्हाताराही जगतो.

सोलापूरच्या बाबतीत धोक्याचं मुख्य नाव आहे अवजड वाहन. पुणे-हैदराबाद महामार्ग, विजापूरकडं जाणारा महामार्ग, कोल्हापूरकडून येणारा महामार्ग, सगळे इथं एकत्र येतात. त्यात गाळप हंगाम. महाराष्ट्रात सर्वाधिक साखर कारखाने असलेला हा जिल्हा. दिवाळीनंतर चार-पाच महिने उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, मोळ्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेल्या. संध्याकाळी सात वाजता अंधारात अशा ट्रॉलीच्या मागं सायकल चालवण्याचा अनुभव ज्यानं घेतला आहे त्याला घरच्यांची भीती समजावून सांगावी लागत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 115 खाली ठराविक रस्त्यांवर, ठराविक वेळी अवजड वाहनांना मज्जाव करता येतो. कामावर जायची वेळ सकाळी आठ ते दहा आणि सुटायची साडेपाच ते आठ. या साडेचार तासांत शहराच्या आतल्या रस्त्यांवर आणि अशोक चौक ते एमआयडीसी या पट्ट्यात ट्रक, डंपर, ट्रॉली दिसता कामा नये. यासाठी एक रुपयाचं बांधकाम लागत नाही. नाक्यावर पोलीस उभा लागतो आणि तो दोन महिन्यांनंतरही उभा लागतो.

दुसरी गोष्ट वेगाची. फेब्रुवारी 2020 मध्ये स्टॉकहोमला रस्तेसुरक्षेवर जागतिक परिषद झाली. तिथल्या जाहीरनाम्यात म्हटलं होतं, की जिथं पायी आणि सायकलीवर जाणारी माणसं वाहनांमध्ये मिसळतात तिथं वेग ताशी 30 किलोमीटरच्या वर नको. त्यामागचं कारण साधं आहे. वेग दुप्पट झाला की धडकेची ताकद चौपट होते. आपल्या पेठांमध्ये, शाळांच्या रस्त्यांवर, जोडबसवण्णा चौकापासून साखर पेठेपर्यंतच्या दाट वस्तीत ही मर्यादा लावायला कुणाचं काय जातं? गतिरोधक आपण घालतो, पण ते असे घालतो की चारचाकी सहज जाते आणि सायकलवाल्याचं कंबरडं मोडतं. कडेला सायकलीपुरती सपाट वाट ठेवून उंचवटा करता येतो. हे गवंड्याला सांगण्याएवढं सोपं काम आहे, फक्त ते कुणीतरी निविदेत लिहावं लागतं.

तिसरी गोष्ट रस्त्याच्या कडेची. सायकलवाल्याचा रस्ता म्हणजे डांबराची डावीकडची तीन फूट पट्टी. आणि शहरातली सगळी अडगळ नेमकी तिथं असते. जलवाहिनीसाठी खोदून तसाच भरलेला चर, खोल गेलेलं चेंबरचं झाकण, वाळू, उभा टेम्पो, फळांची गाडी. सायकलवाला त्या पट्टीतून बाहेर येतो तो नाइलाजानं, आणि मागचा हॉर्न मारत शिव्या देतो. इंडियन रोड्स काँग्रेसनं सायकलमार्ग कसे असावेत याचे संकेत 1962 सालीच छापले. 2006 च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणानं वाहनांपेक्षा माणसांच्या हालचालीला प्राधान्य द्या, असं स्पष्ट म्हटलं. जानेवारी 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूर निवडलं गेलं. म्हणजे कागद होता, धोरण होतं आणि नंतर पैसाही आला. कमी पडलं ते हे ठरवणं, की सायकल नेमकी कुणासाठी.

कारण अधिकाऱ्यांपुढं सायकल म्हटलं की पहाटे हेल्मेट घालून व्यायामाला निघणारी मंडळी उभी राहतात. ती मंडळी चांगलं काम करतात, त्यांच्यामुळं शहरात सायकलीला जरा मान आला. 3 जूनच्या जागतिक सायकल दिनाला फेरी निघते, तीही निघू दे. पण पहाटे साडेपाचला रस्ता सगळ्यांनाच मोकळा असतो. सायकलीच्या धोरणाची परीक्षा सकाळी साडेआठला अशोक चौकात आहे. तिथं जुन्या काळ्या सायकलीच्या कॅरियरला डबा बांधून जाणारा यंत्रमाग कामगार आहे, वॉचमन आहे, हँडलला पिशव्या अडकवलेला दूधवाला आहे. 2011 च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामं करणाऱ्यांना कामावर कसं जाता हे विचारलं, तेव्हा देशभरात सुमारे 13 टक्क्यांनी सायकल सांगितली. मोटारीनं जाणारे तीन टक्क्यांहूनही कमी होते. उड्डाणपुलाची मागणी करणारे आवाज आपल्याला रोज ऐकू येतात. या तेरा टक्क्यांतला कुणी निवेदन घेऊन आयुक्तांच्या दालनात गेलेला मी पाहिला नाही. तो गेला तर त्याची कामाची पाळी बुडते.

उन्हाचं काय, असं मला हमखास विचारतात. सोलापूरचा एप्रिल-मे मला शिकवायला नको. पारा चाळीसच्या वर गेला की दुपारी दोन वाजता कुणीच सायकल चालवू नये, आणि बारा तासांची पाळी करून आलेल्या माणसाला तर मी कधीच सांगणार नाही. पण कामावर जायची वेळ सकाळची आणि परतायची संध्याकाळची. उरतो तो त्रास सावलीनं कमी होतो. रस्तारुंदीत गेलेली कडुलिंबं आणि वडं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे माहीत आहे. रस्त्याच्या खर्चात झाडांचा खर्च धरणं हा उन्हाच्या शहरातला शिष्टाचार असायला हवा. स्कूटरवरही माणूस डोक्याला पंचा आणि तोंडाला स्कार्फ बांधूनच जातो, सावली त्यालाही हवीच असते.

प्रतिष्ठेचा मुद्दा जास्त चिवट आहे. मुलगी बघायला आलेले पाहुणे दारातल्या गाडीकडं बघतात. कामावर सायकलीवर येणाऱ्या माणसाची पार्किंगमध्ये जागा कुठं असते ते पाहा, पत्र्याच्या शेडच्या पार टोकाला, जिथं सावली संपते तिथं. चूक माणसांच्या मनात आहे असं म्हणून हा मुद्दा सोडून देणं मला पटत नाही. गिरणीच्या काळात सायकल असणं ही बरी स्थिती मानली जायची. गाडी आल्यावर माणसाची गैरसोय खरोखर कमी झाली, म्हणून गाडीला मान मिळाला. सायकलीवरून जाणाऱ्याची गैरसोय कमी करा, मान हळूहळू येईल. सुरुवात कारखानदारांना करता येईल. गेटजवळ सावलीतलं सायकल स्टँड, हवा भरायचा एक पंप, हात-तोंड धुवायला पाणी. एवढ्यावर युनिटचं नुकसान होत नाही. उशिरा येणाऱ्यांची संख्या कमी होते.

मुलींबद्दल मात्र थांबून बोलायला हवं. आपल्या शहरात शाळेच्या वेळेला मुलींच्या सायकली दिसतात, खूप दिसतात. दहावी झाली की त्या दिसेनाशा होतात. काहींना स्कूटी मिळते. ज्यांच्या घरी ती परवडत नाही त्यांचं कॉलेज 'जवळचं' निवडलं जातं, मग शाखा कुठलीही असो. आमची मुलगी नववीत आहे. शिकवणीला सायकलीवर जाते आणि सात वाजता घरात पाहिजे असा तिच्या आजीचा नियम आहे. हा नियम आजीनं मनानं केलेला नाही, गल्लीच्या तोंडाशी बंद असलेल्या दिव्यानं केलेला आहे. हद्दवाढ भागातल्या कितीतरी नगरांत मुख्य रस्ता सोडला की अंधार सुरू होतो. रस्त्यावरचा दिवा लागला की घराचा नियम तासाभरानं सैल होतो, हे मी आमच्या शेजारच्या गल्लीत पाहिलं आहे.

सायकलीनं मुलींच्या आयुष्यात काय होतं याचा पुरावा आपल्या देशात आहे. बिहार सरकारनं 2006 मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेतली मुलींची नोंदणी सुमारे 32 टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. शाळा लांब असलेल्या गावांत फरक जास्त होता. त्याआधी, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडी सेविका. सोलापुरात हे का होऊ नये? इथली बाई आधीच कमावती आहे. विडीचा धंदा तिच्या हातांवर उभा राहिला, गारमेंट तिच्याच हातांवर उभं आहे. तिला कमवायला शिकवायचं नाही, जाता-येता कुणावर अवलंबून राहावं लागू नये एवढंच करायचं आहे. शाळांच्या मैदानावर रविवारी सकाळी बायकांना सायकल शिकवायचे वर्ग घ्या. साडीवर चालवता येणारी, दांडा खाली असलेली, पुढं टोपली आणि मागं मजबूत कॅरियर असलेली साधी सायकल बचत गटामार्फत हप्त्यावर द्या. दोनशे-तीनशे रुपयांच्या हप्त्यात ती दोन वर्षांत फिटते.

सरकारनंही जरा विचार करावा. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी बदलला. सायकलीवरचा कर 12 टक्क्यांवरून 5 वर आला हे स्वागतार्ह आहे. त्याच दिवशी 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा 28 वरून 18 वर आला. नव्वद हजारांच्या स्कूटरमागं सात हजार रुपये वाचले आणि त्या सात हजारांत एक नवी कोरी साधी सायकल येते. दसऱ्याला शोरूमसमोर रांगा लागल्या. एका सायकलीएवढी सवलत देऊन आपण लोकांना स्कूटरकडं वळवलं. मला यात कुणाचा डाव दिसत नाही, पण सायकलीनं जाणाऱ्याचा विचार आपल्या व्यवस्थेत किती शेवटी येतो ते यात दिसतं.

सायकल चालायला आणखी एक माणूस लागतो, तो म्हणजे दुरुस्तीवाला. पूर्वी प्रत्येक चौकात असायचा, तासाच्या भाड्यानं सायकलीही द्यायचा. आता पंक्चर काढणारे आहेत, पण फ्रीव्हील बदलणारा, चाकाची आऊट काढणारा, चेन नीट बसवणारा शोधावा लागतो. एमआयडीसीच्या वाटेवर माझी चेन तुटली तर दीड-दोन किलोमीटर हातानं ढकलत न्यावी लागते. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा वर्ग असतो. त्यातच सायकलीचा एक महिन्याचा भाग घालता येईल आणि शिकलेल्या मुलांना या रस्त्यावर टपरीचा परवाना देता येईल.

सगळ्या शहरभर एकदम सायकलमार्ग मागणाऱ्यांपैकी मी नाही. पुण्यानं 2017 मध्ये सायकलीचा मोठा आराखडा मंजूर केला, तरी तिथल्या सायकलवाल्यांचे हाल संपलेले नाहीत. रंग दिलेल्या पट्ट्यांवर गाड्या उभ्या राहतात, हे कुठल्याही शहरात दिसतं. सोलापुरानं आधी एकच रस्ता घ्यावा. अशोक चौकातून एमआयडीसी आणि पुढं कुंभारीपर्यंत. दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटर, डांबरापासून कठड्यानं वेगळं केलेलं, दिव्यांखालचं, टेम्पो चढू शकणार नाही असं. नंतर विजापूर रस्ता ते सात रस्ता ते स्टेशन, आणि पुणे नाक्याकडून विद्यापीठापर्यंत. पण पहिला रस्ता कष्टकऱ्यांचा असावा, कारण तिथं सायकलवाले आजही आहेत. त्यांना सायकलीवर बसा म्हणून सांगायची गरज नाही, ते गाडी घेईपर्यंत शहरानं वाट पाहत बसू नये, एवढीच गरज आहे.

हा रस्ता झाला की नाही हे मोजायचंही सोपं आहे. किती किलोमीटर रंगवले ते मोजू नका. रे नगरातल्या आणि गोदूताई वसाहतीतल्या घरांत जाऊन विचारा, की गेल्या वर्षात दुसरी गाडी घेतली का, आणि घेतली असेल तर कशासाठी. अंदाजपत्रकाच्या आधी हे विचारायला विद्यापीठाच्या समाजशास्त्राच्या किंवा समाजकार्याच्या मुला-मुलींची मदत घेता येईल. आमच्या युनिटमधल्या बायका उत्तरं द्यायला तयार आहेत, मी त्यांना विचारून ठेवलं आहे. जेवणाची सुट्टी एक ते दीड असते, त्या वेळात यावं.